सोसायटीतली मांजरं कमी करायचीत तर सगळ्यांची नसबंदी एकाच दमात करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोंबिवलीतली चार विंगची सोसायटी, दीड वर्षापूर्वी ३ मांजरं होती त्यांची आता १७ झालीत, जिन्यात मुताचा वास, स्कूटरच्या सीटा ओरबाडलेल्या, रात्रभर बोक्यांची भांडणं, आणि येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये कमिटी ठराव आणतेय की तळमजल्यावरच्या काकू खायला घालतात ते बंद करायचं आणि कोणालातरी पैसे देऊन मांजरं पकडून लांब सोडून यायची. तुम्हाला वासाचा त्रासही होतोय आणि मांजरांचं वाईटही वाटतंय, आणि यातून मार्ग काय असं विचारताय. मी ठाण्यात गेली १४-१५ वर्षं हेच काम करते, पिंजरा लावून भटकी मांजरं पकडायची, नसबंदी करून आणायची आणि परत त्याच जागी सोडायची. मी डॉक्टर नाही, पण पकडण्यापासून सोडण्यापर्यंतचं सगळं हातानं केलंय, त्यामुळे जे सांगते ते तिथलंच सांगते.

आधी त्या लांब सोडण्याबद्दल. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं असं माझी आजी सांगायची, त्यामुळे आपल्याकडे सहसा मारत कोणी नाही, गोणीत घालतात आणि मासळी बाजारात नाहीतर खाडीकडे सोडून येतात, आमच्या इकडे येऊरला नेऊन सोडतात. आणि समजतात की तिथे खायला मिळेल, सुखात राहील. तसं होत नाही हो. मांजर हा जागेला धरून राहणारा प्राणी आहे, नव्या जागी तिथली आधीची मांजरं त्याला टिकू देत नाहीत, ते घराच्या दिशेने चालायला लागतं आणि रस्त्यात गाडीखाली येतं किंवा उपाशी मरतं, काही परत येतात पण तीही अर्धमेली होऊन. येऊरसारख्या जंगलाच्या कडेला सोडणं तर दुहेरी पाप, कारण मांजर तिथले पक्षी, सरडे, खारी मारणार. मांजरांवर माझा कितीही जीव असला तरी ती उत्तम शिकारी आहेत हे मी कधी नाकारत नाही.

आणि एवढं करून तुमच्या सोसायटीत फरक पडणार नाही तो नाहीच. खाणं आहे, आडोसा आहे, फक्त मांजर नाही, म्हणजे शेजारच्या सोसायटीतल्या तरुण मांजरांना मोकळी जागा मिळाली. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या जंगलात थोडीथोडी मांजरं काढून बघितली होती, २०१५ साली तो अभ्यास छापून आला, तर मांजरं काढत असताना तिथली संख्या उलट वाढलेली दिसली, आणि संशोधकांचा अंदाज हाच होता की दांडगी मांजरं गेल्यावर आजूबाजूची आत शिरली. मी स्वतः ठाण्यातल्या एका सोसायटीत हेच पाहिलंय, ११ मांजरं उचलून नेली आणि वर्षाच्या आत ९ नवीन. फरक एवढाच की ही नवीन मांजरं कोणाच्या ओळखीची नव्हती, हाताला येत नव्हती, त्यामुळे पकडायला दुप्पट त्रास.

कायद्याचं पण मीटिंगमध्ये सांगा, पण धमकीच्या सुरात नको, त्याने माणसं अजून अडून बसतात. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं ११ वं कलम आहे, आणि प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०२३ चे ॲनिमल बर्थ कंट्रोल नियम मुख्यतः कुत्र्यांसाठी आहेत, पण त्यात परिसरातल्या प्राण्यांना खायला घालण्याची सोय करायची जबाबदारी सोसायटीवर टाकलीये, जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी आणि वेळ ठरलेली हवी असंही आहे. म्हणजे खायला घालायला सरसकट बंदी हा ठराव टिकणारा नाही, आणि कुठे-कधी घालायचं हे ठरवायला सोसायटीला पूर्ण वाव आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी जरा लांबण लावून सांगणार आहे कारण ९० टक्के लोक इथेच चुकतात. लोक काय करतात, उत्साहाने दोनतीन मांजरांची नसबंदी करतात, जी हाताला येतात ती, मग पैसे संपतात किंवा दमतात, आणि सहा महिन्यांनी म्हणतात की केलं हो आम्ही पण काही उपयोग झाला नाही. उपयोग होणारच नव्हता. हिशोब करून बघा. मांजरीचा गाभणकाळ साधारण ९ आठवडे, एका वेताला ३ ते ५ पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती परत गाभण राहू शकते. पाचसहा महिन्यांची पोरगेली मांजर माजावर येते, काही तर चौथ्या महिन्यातच. थंड देशांत हिवाळ्यात त्यांचा माज थांबतो, आपल्याकडे वर्षभर कुठे ना कुठे पिल्लं दिसतातच, फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत जास्त. तुमच्या १७ मध्ये समजा ९ माद्या आहेत आणि तुम्ही ५ केल्या. उरल्या ४, वर्षाला धरून चला दोन वेतं, चार-चार पिल्लं, झाली ३२. त्यातली निम्मी किंवा जास्तच मरतात, गाडीखाली, सर्दीतापाने, बोक्याच्या तावडीत. तरी पंधराएक उरली. तुमचे ५ ऑपरेशनचे पैसे कुठे गेले?

यात अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार उशिरा कळली. इस्राएलमध्ये रिशॉन लेत्सिऑन नावाच्या शहरात १२ वर्षं मांजरं मोजून बघितली, २०२२ मध्ये ते छापून आलं. शहराच्या काही भागांत नसबंदी आणि काहींत नाही असं चालू होतं तोवर मांजरं कमी झाली नाहीत. मग सगळ्या शहरात सलग, ७० टक्क्यांच्या वर नसबंदी केली तेव्हा दरवर्षी साधारण ७ टक्क्यांनी संख्या उतरायला लागली. आणि त्यातही त्यांना दिसलं की नसबंदी वाढली तशी जी थोडी पिल्लं होत होती ती जास्त जगायला लागली, म्हणजे स्पर्धा कमी झाली की उरलेल्यांचं फावतं. म्हणून मी सोसायट्यांना स्पष्ट सांगते की निम्मं करणार असाल तर सुरूच करू नका, पैसे जमवा, थांबा, आणि मग दोनतीन आठवड्यांत सगळी करा. १७ पैकी १५ झाली आणि २ राहिल्या, आणि त्या दोन माद्या असतील, तर काम झालेलं नाही. ती शेवटची लाजाळू मांजर जी पार्किंगच्या मागून फक्त डोळे दाखवते, तीच खरं काम आहे.

आता सुरुवात कुठून, तर काकूंपासून. कमिटी ज्यांना दोषी ठरवतेय ना, त्यांच्याशिवाय हे होणार नाही. कोणतं मांजर कधी येतं, कोण कोणाची आई, कोणाला पिल्लं झालीत आणि ती कुठल्या मीटर बॉक्सखाली आहेत हे फक्त त्यांना माहिती असतं. त्यांनाही एक गोष्ट मात्र प्रेमाने पण ठामपणे सांगायची, की नसबंदी न करता पोटभर खायला घालणं म्हणजे दर वर्षी पिल्लं मरायला जन्माला घालणं. मी हे खूप ताया-काकूंना सांगितलंय, आधी रडतात, रागावतात, मग त्याच सगळ्यात पुढे येऊन पिंजरा उचलतात.

त्यांच्यासोबत आधी मोजणी करा. एक आठवडा रोज खाण्याच्या वेळी मोबाईलवर फोटो काढा, डावी बाजू उजवी बाजू दोन्ही, आणि वहीत लिहा. नावं द्या, नंबर नका देऊ, नंबर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तीन रंगांचं मांजर दिसलं की ती मादीच समजा, नर असणं इतकं दुर्मिळ आहे की विचारात घ्यायला नको. नारिंगी असेल तर पाचातले चार तरी बोके. गालफडं रुंद आणि मान जाड झालेला असेल तर मोठा बोका, जिन्यात जो वास येतोय तो बहुतेक याचाच.

पकडण्याच्या आधी दहाबारा दिवस एकच वेळ, एकच जागा ठेवा, अर्ध्या तासात ताटल्या उचला. दिवसभर कोपऱ्याकोपऱ्यात भात पडलेला असेल तर कुठलंच मांजर पिंजऱ्यात येणार नाही. पिंजऱ्याचं दार दोरीने उघडं बांधून ठेवा आणि चारपाच दिवस आतच खायला द्या. ज्या दिवशी पकडायचं त्याच्या आदल्या दिवशी खाणं अगदी कमी, आणि काकूंनी वॉचमनला, शेजाऱ्यांना सगळ्यांना सांगून ठेवायचं, कारण एक जण तरी दया येऊन बिस्किट टाकतोच आणि सगळी रात्र फुकट जाते. आमिष म्हणून मला सुके बोंबील आणि गरम केलेला बांगडा याच्यापुढे काही सापडलं नाही. मांजर आत अडकलं की लगेच पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधार झाला की ते शांत होतं, नाहीतर जाळीवर डोकं आपटून नाक फोडून घेतं. एका पिंजऱ्यात एकच. गोणीत कधीच नाही. आणि माणसाळलेली मांजरं शेवटी, आधी त्या घाबऱ्या माद्या, कारण बाकीच्यांना पकडताना बघितलं की त्या महिनाभर पिंजऱ्याजवळ फिरकत नाहीत.

हाताने धरायला जाऊ नका, ओळखीचं मांजर असलं तरी. चावलं किंवा ओरबाडलं तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन सुरू करा, मांजरापासूनही रेबीज होतो. नियमित पकडणाऱ्यांनी आधीच घेऊन ठेवायचा कोर्स असतो, मी घेतलाय.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत मी एक मादी पकडली आणि तिच्या पोटाकडे बघितलंच नाही. ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर म्हणाले हिला दूध आहे. ती चार दिवस माझ्याकडे होती. पिल्लं एका बंद गाळ्याच्या शटरमागे होती, आम्ही शोधली तेव्हा तीनपैकी दोन मेलेली. आजही पिंजऱ्यात मादी आली की मी बॅटरी मारून आधी आचळं बघते, फुगलेली असतील आणि भोवतीचे केस पिऊन पिऊन गेलेले असतील तर पिल्लं कुठेतरी आहेत. पिल्लांची जागा माहीत नसेल तर तिला सोडा आणि पिल्लं पाचसहा आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की आईसकट सगळी एकत्र उचला. मांजर सात घरं बदलतं म्हणतात ते खरंच आहे, त्यामुळे रोज नजर ठेवायला काकूच हव्यात. गाभण असेल तर सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक डॉक्टर करतात आणि मी करून घेते. अगदी भरत आली असेल तर मी तिला खोलीत ठेवून बाळंत होऊ देते, नंतर तिची करते, पिल्लं दत्तक देते. यावर दुसऱ्याचं मत वेगळं असू शकतं, जागा असेल तरच हे जमतं.

डॉक्टर निवडताना विचारा की भटक्या मांजरांची नसबंदी रोज करता का, महिन्यातून एकदा नको. मुंबईत महापालिकेने २०१९ पासून संस्थांमार्फत मांजरांची नसबंदी सुरू केलीये, तुमच्याकडे पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, आणि उत्तराची वाट बघत बसू नका, संस्था आणि क्लिनिक दोन्हीकडे एकत्र नावं नोंदवा. संस्थेत खाजगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. सतराही मांजरांचा खर्च सगळ्या फ्लॅटांत वाटला तर एका घराला एका पिझ्झाच्या आसपास येतो, हे मीटिंगमध्ये आकडे मांडून दाखवा. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापून घ्यायला सांगा, साधारण १ सेंटीमीटर. लोकांना ते बघून वाईट वाटतं, पण तीच लांबून दिसणारी खूण आहे. माझ्या डोळ्यांसमोर एका मादीचं पोट दुसऱ्यांदा उघडलं गेलंय, आत काहीच नव्हतं, कोणीतरी आधी करून कान न कापता सोडली होती. त्याच भुलेत रेबीजची लस द्या, पैसे असतील तर तिहेरी लसही द्या, म्हणजे ती सर्दी आणि पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूच्या रोगाची. पिल्लं धडाधड उलट्या होऊन मरायला लागली तर पॅनल्यूकोपेनिया समजा, पकडणं थांबवा, आणि पिंजरे ब्लीचच्या पाण्याने धुवा. साध्या साबणाने तो विषाणू मरत नाही आणि फिनाईल मांजरांनाच विष आहे.

ऑपरेशननंतर बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो. माद्या मी किमान ४-५ दिवस ठेवते, मोठ्या फोल्डिंग पिंजऱ्यात, खाली वर्तमानपत्र, रोज टाका बघायचा. पावसाळ्यात शक्यतो घेऊ नका, जखम ओली राहते, माशा बसतात, अळ्या पडतात. दिवाळीनंतर ते जानेवारी हा सगळ्यात चांगला काळ, गारवाही असतो आणि पिल्लांचा हंगाम सुरू व्हायच्या आत हात फिरतो. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन कधीच देऊ नका, पॅरासिटामोल मांजराला पचवताच येत नाही, एका गोळीने मोठं मांजर मरतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषधही तसंच, त्यातल्या परमेथ्रिनने झटके येतात.

बोक्याचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून वास बंद होईल असं कमिटीला सांगू नका. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तेवढे दिवस त्याच्यापासून मादी गाभणही राहू शकते. मग मात्र मुताचा तो उग्र वास जातो, रात्रीचं रडणं-भांडणं थांबतं, आणि खरं सांगायचं तर लोकांना मांजरांच्या संख्येपेक्षा हाच त्रास असतो. स्कूटरच्या सीटांसाठी पार्किंगच्या दोन खांबांना काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, मांजराला नखं घासायला जागा लागतेच, त्याला सीटपेक्षा काथ्या आवडतो. बागेत शी करतात त्यासाठी पंपरूमच्या मागे रेतीचा एक उथळ खड्डा करा आणि रोज साफ करा, हातमोजे घालून. गर्भवती बाईने ते काम करू नये, मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी एकदोन दिवसांनंतरच संसर्ग करण्याजोगा होतो म्हणून रोज साफ केलं की धोका खूप कमी होतो. गेटजवळ निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात म्हणता, त्याने काही होत नाही, काढून टाका. डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील तर आजच उचला, त्या विषारी आहेत, मांजरांना आणि लहान मुलांनाही.

खाण्याचं थोडक्यात, दूधभात नको. मोठ्या मांजराला गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात आणि मग घाण झाली म्हणून तुम्हीच ओरडता. उकडलेलं चिकन किंवा मासे, मीठमसाला नाही, काटे काढून, त्यात थोडा भात चालेल. परवडत असेल तर कोरडं कॅटफूड.

दोनअडीच महिन्यांच्या आतली पिल्लं असतील तर ती परत सोडू नका, त्या वयात माणसाची सवय लागते, घरं मिळतात. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात ११ वर्षं असं काम केलं, तिथली मांजरं शेवटच्या सहा वर्षांत ६८ वरून २३ वर आली, आणि त्यात मोठा वाटा दत्तक दिल्याचा होता, जवळजवळ निम्म्या मांजरांना घरं मिळाली. पण चार महिन्यांच्या पुढचं, माणूस न पाहिलेलं पिल्लू घरात कोंडून प्रेम होत नाही, ते कपाटामागे वर्ष काढतं, त्याला बाहेरच सोडा. आणि सोसायटीतली जी पाळलेली मांजरं बाहेर फिरतात त्यांचीही नसबंदी त्या त्या घराने करायची हे ठरावात घाला. मी पकडलेल्यांत दर वर्षी एक-दोन पर्शियन सापडतात, हौसेने घेतलेली आणि केस सांभाळवत नाहीत म्हणून खाली सोडलेली, अंगभर जटा आणि त्याखाली जखमा. ती बाहेर जगत नाहीत, त्यांना घरच शोधावं लागतं.

सगळं नीट केलं तरी पुढच्या वर्षी १७ ची ५ होतील असं नाही. पहिल्या वर्षी फक्त नवीन पिल्लं थांबतात, मग हळूहळू, म्हातारी होऊन, काही दत्तक जाऊन संख्या उतरते, तीनचार वर्षं धरा. मधे एखादं नवीन मांजर बाहेरून येईलच, कान न कापलेलं, ते दिसल्यापासून महिन्याच्या आत करून टाकायचं. त्यासाठी एक पिंजरा सोसायटीने स्वतःचा करून ठेवावा, कोणताही जाळीकाम करणारा फॅब्रिकेटर बनवून देतो, मी माप आणि फोटो पाठवते.

रविवारी मीटिंगला काकूंना बरोबर घेऊन जा, त्यांना एकटं नका पाठवू. फोटोंची वही न्या, १७ नावं, किती माद्या, खर्च किती, किती आठवडे लागतील, आणि बंदीच्या ठरावाऐवजी तीन महिन्यांची मुदत मागा. काकूंना आज रात्रीच विचारून घ्या की कोणाला आत्ता पिल्लं आहेत, आणि मला कळवा, त्यावरून पहिली कोणती पकडायची ते ठरवू.